ज्याचं शरीर त्याची मर्जी?

ता. चिमूर, जि. चंद्रपूर
पोळ्याची कर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. गांजापासून सगळीच नशा कायदेशीर करा, ज्याचं शरीर त्याची मर्जी, असं तू लिहिलंस. त्यातलं निम्मं मला पटतं. आपल्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ला दारूबंदी झाली आणि २०२१मध्ये उठली. मधल्या वर्षांत वर्धा नदीपलीकडून पेट्या येतच होत्या, जंगलात मोहाच्या भट्ट्या लागतच होत्या. नुसत्या बंदीनं घसा कोरडा होत नाही, हे इथल्या कोणालाही विचार.

पण बंदी मागितली कोणी होती? २०१०मध्ये आपल्याच चिमूरहून बाया नागपूरच्या अधिवेशनावर पायी गेल्या. कापसाचा चुकारा घरी पोचायच्या आधी भट्टीवर संपतो, हे त्या रोज बघत होत्या. निंदण तिनं केलं, वेचणी तिनं केली, आणि पैसा कुठं जायचा ते तो ठरवणार. तुझ्या 'मर्जी'त तिची मर्जी कुठं बसते, ते मला सांग.

आणि पिणाऱ्याची तरी मर्जी किती दिवस टिकते रे? पहिला पेला त्याच्या खुशीचा, मान्य. पुढं सकाळी घेतली नाही तर हात थरथरतात. सवय मुरलेल्या माणसानं एकदम सोडली तर झटके येतात, जीवसुद्धा जाऊ शकतो. त्याला डॉक्टर लागतो, आणि खेड्यात तोच नसतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा बघ. तो तर चौकात उघड घोटून मिळतो, शाळेतल्या पोरांच्या दप्तरात सापडतो. दुकान उघडं ठेवल्यानं माणूस मोकळा होतो, असं मला इथं तरी दिसत नाही.

तू पोर्तुगालचं उदाहरण दिलंस. तिथं २००१पासून स्वतःपुरता, साधारण दहा दिवसांचा साठा बाळगला तर फौजदारी गुन्हा होत नाही. पकडलेला माणूस कोर्टाऐवजी समितीपुढं जातो आणि गरज असेल तर तिथून उपचाराकडं. पण विकणं तिथं आजही गुन्हाच आहे. मला नेमकं हेच हवं आहे. ओढणाऱ्याला दवाखाना, विकणाऱ्याला तुरुंग. आणि गावात दारूचं दुकान हवं की नको, हे बायांनी मतदानात 'आडवी बाटली' करून ठरवावं. ती सोय आपल्याकडं आहे, ती जपू.

आता कामाचं. आमच्या शेजारचा पोरगा थोड्याशा गांजासह सापडला. त्याची माय रोज येऊन बसते. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. इथल्या वकिलाला ते ठाऊकच नव्हतं. नागपूरला असं काम केलेला वकील तुझ्या ओळखीचा असेल तर लवकर कळव. फी मी आणि त्याचा मामा मिळून बघतो. मायला सोबत घेऊन मीच येईन.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच