डेंटिस्टमधला दंत

रविवारच्या पुरवणीत लॅटिन-ग्रीक धातूंवरून इंग्रजी शब्द शिकायचा लेख आला तो वाचला आणि एकदम पटला, फक्त एक गोष्ट राहून गेली असं वाटतं. मराठी माध्यमाच्या पोरांना यातलं बरंच ओळखीचं आहे हो, लॅटिनचा 'डेन्ट' म्हणजे आपला दंत, 'पेड' म्हणजे पद, 'नोव्ह' म्हणजे नव, 1786 मध्ये भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषांचं मूळ एकच असावं असं सांगितलंच होतं, मग डेंटिस्ट, पेडल, इनोव्हेशन नुसते घोकायला कशाला लावायचे? मात्र पीडिअ‍ॅट्रिशियनमधला 'पीड' ग्रीक, त्याचा अर्थ मूल, पायाशी काही संबंध नाही, हेही फळ्यावर लिहून दाखवायला हवं नाहीतर पोरं अंदाजाने ठोकून देतात. आठवी-नववीच्या इंग्रजीच्या तासाला आठवड्यातून दहा मिनिटं तरी शिक्षकांनी यासाठी काढावीत.

– एक वाचक