पायडलच्या कयाकी: वेगाआधी पाणी बघा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत पायडल मारून चालवायच्या मासेमारीच्या कयाकींवर, म्हणजे एकट्याने बसायच्या लहान होड्यांवर, आलेला लेख वाचला. रात्रपाळी संपवून आले की चहाबरोबर ई-पेपर उघडायचा ही माझी जुनी सवय, पण हा लेख मी दोनदा वाचला. मी मूळची मालवणजवळच्या देवबागची. गेली सव्वीस वर्षं अमेरिकेत मेरीलँड राज्यात, ॲनापोलिसजवळ राहते. इस्पितळात नर्स आहे. आणि गेली नऊ वर्षं चेसापीक उपसागरात आणि त्याला मिळणाऱ्या सेव्हर्न नदीत पायडलच्या कयाकीतून गरवते, म्हणजे गळाने मासे धरते. पंख्याची, म्हणजे तळाखाली प्रोपेलर फिरणारी कयाक जास्त पळते, म्हणून घ्यायची तर तीच, असा त्या लेखाचा सूर आहे. तो वाचून दुसऱ्याच दिवशी भाच्याचा देवबागहून फोन आला, "आत्ये, पंख्याचीच घेतंय." पैसे त्याचे जाणार आहेत आणि पाण्यात तो उतरणार आहे, म्हणून हे लिहायला बसले.

वल्ह्याच्या कयाकीत दोन्ही हात वल्ह्यात अडकतात. मासा लागला की वल्हं मांडीवर टाकायचं, रीळ फिरवायचं, आणि तेवढ्यात वारा आपल्याला कुठल्या कुठे नेतो. पायडलमुळे हात मोकळे राहतात. एक हात गळावर, दुसरा गरज पडेल तेव्हा सुकाणूच्या मुठीवर. इथवर लेखाशी माझं काही भांडण नाही.

पण पायडल फिरवल्यावर खाली पाण्यात नेमकं काय हलतं, यावर सगळं ठरतं. एका जातीत तळाखाली दोन पर असतात, पेंग्विनच्या पंखांसारखे, आणि ते आडवे इकडून तिकडे फडफडतात. होबी कंपनीने १९९७ मध्ये ही रचना बाजारात आणली. दुसऱ्या जातीत सायकलसारखं गोल पायडल आणि खाली पंखा. ओल्ड टाऊन कंपनीच्या यंत्रात पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की पंखा दहाच्या वर फेरे घेतो. उलटं पायडल मारलं की कयाक लगेच मागे येते, आणि हा पंख्याचा खरा मोठा गुण आहे. परांच्या सुरुवातीच्या कयाकींना मागे जाताच येत नसे. पुढे दोऱ्या ओढून पर उलटे करायची सोय झाली, आणि आता चहूबाजूंना वळणारे परही मिळतात, फक्त त्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

माझी पहिली कयाक पंख्याचीच होती. दुकानदाराने वेग सांगितला, सीट किती आरामाची ते दाखवलं, कप ठेवायची जागासुद्धा दाखवली. "तुम्ही गरवता कुठे?" हे मात्र विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. मी गरवते ती सेव्हर्नच्या आतल्या उथळ खाड्यांमध्ये, आणि तिथे उन्हाळ्यात पाणगवत गुडघा-गुडघा वाढतं.

पहिल्याच जूनमधली संध्याकाळ. पायडल जड लागायला लागलं, मला वाटलं पाय दमले. मग ते अडलंच. यंत्र वर उचललं तर पंख्याचा आसच दिसेना. शिवणयंत्राच्या बॉबिनवर दोरा भरावा तसं गवत त्याच्यावर गच्च भरलं होतं. केसासारखे बारीक हिरवे-काळे तंतू, एकावर एक इतके ओढून बसलेले की नख आत जाईना. आमिष कापायच्या सुरीने मी ते उभं चिरत होते आणि दर वेळी बोटभर लांबीचा लगदा हातात येत होता. मधल्या काळात वारा मला काठाकडे लोटत होता. काठाला धूप थांबवायला टाकलेले मोठे धारदार दगड. वल्हं बरोबर होतं म्हणून दगडांपासून दहा-बारा हातांवर सावरता आलं. वल्हं नेलं नसतं तर काय झालं असतं, ते त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं. तेव्हापासून पायडलची कयाक असली तरी वल्हं घेतल्याशिवाय मी धक्का सोडत नाही.

पर गवतात अडकतच नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याभोवती काही गुंडाळलं जात नाही, कारण ते गोल फिरत नाहीत. गवत आलं तर एक पायडल पूर्ण पुढे ढकलायचं, दोन्ही पर तळाला चपटे चिकटतात, आणि वरून सरकून जाता येतं. उथळ पाण्यातही तेच, पूर्ण पाय न मारता छोटे छोटे झटके द्यायचे. पंखा आणि ताठ उभे पर, दोन्ही तळाखाली साधारण दीड फूट जातात, पण पंख्याला उथळात यंत्र उचलण्यावाचून इलाज नाही. हल्लीचे काही पर दगडाला आपटले तर मागे दुमडतात. दुसऱ्या वर्षी मी पंख्याची कयाक विकून जुनी, कुणीतरी वापरलेली परांची घेतली, आणि अजून तीच वापरते.

पण माझ्या इस्पितळातली एक सहकारी चेसापीकवरच्या बे ब्रिज या पुलाखाली गरवते, आणि तिला मी कधीच परांची घे म्हणणार नाही. तिथे सुमारे सात किलोमीटर लांबीचे दोन पूल शेजारी शेजारी आहेत, एक १९५२चा, दुसरा १९७३चा, आणि खांबांमधून भरती-ओहोटीची ओढ जबरदस्त असते. रॉकफिश म्हणजे स्ट्राइप्ड बास त्या खांबांना लागूनच उभा राहतो. पाणी खोल, गवत नाही. मासा लागला की तो खांबाच्या आडोशाला धावतो, आणि तेव्हा गळ दोन्ही हातांनी धरून फक्त पायांनी सर्रकन मागे येता आलं पाहिजे. तिची पंख्याची कयाक ते करते. सध्या इथे दिवसाला एकच रॉकफिश ठेवता येतो, तोही १९ ते २४ इंचांमधला, त्यामुळे बहुतेक मासे परत सोडायचेच असतात. त्यांना जास्त वेळ झुंजवून थकवलं तर सोडूनही ते मरतात. तिच्या पाण्यात पंखा योग्य, माझ्या पाण्यात पर.

आता गुडघ्यांबद्दल, कारण याविषयी कुणी लिहीत नाही. माझा डावा गुडघा गेलेला आहे, पन्नाशीनंतर आमच्या धंद्यात बहुतेकींचा जातोच. गोल पायडलला प्रत्येक फेऱ्यात गुडघा छातीकडे वर येतो. परांना जिना चढल्यासारखं आळीपाळीने दाबायचं असतं, आणि पाऊल हवं तेवढंच टाकता येतं. मला दुसरं सोसतं, पहिल्याने रात्री गुडघा सुजायचा. याउलट आयुष्यभर सायकल चालवलेल्यांना गोल पायडलच सुखाचं वाटतं. हे कागद वाचून कळत नाही. इथे काही दुकानदार वसंतात तळ्यावर कयाकी आणून चालवून बघायला देतात. तिथेही दहा मिनिटं बसून उठू नये. वाऱ्याच्या विरुद्ध तासभर मारावं.

वजनाचा तर लेखात उल्लेखही नाही. पायडलची बारा फुटी कयाक सीट आणि यंत्रासकट चाळीस ते पंचावन्न किलो भरते, मोठ्या मॉडेलांची साठच्या वर जाते. पाण्यावर ती पिसासारखी वाटते. पण पहाटे पाच वाजता धक्क्यावर आपण एकट्या असतो, आणि ती गाडीच्या टपावरून आपल्यालाच उतरवायची असते. पहिलं वर्षभर मी तशी उतरवली आणि पाठीचं दुखणं ओढवून घेतलं. मग दोन चाकांची हातगाडी घेतली आणि जुना ट्रेलर. कयाकीची किंमत मोजताना हे पैसे त्यातच धरावेत. इथे नव्या कयाकी दोन हजार डॉलरच्या आसपास सुरू होतात आणि पाच हजारांच्या वर जातात. ज्यांना उचलायला कुणी नाही त्यांनी दोन फूट लहान आणि दहा किलो हलकी घ्यावी. मासे तेवढेच लागतात.

देवबागचं म्हणाल तर तिथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये वाळूची पट्टी. माझे बाबा खाडीत लाकडी होडीतून गरवायचे. ओहोटीला होडी कुठे टेकेल आणि दगडाला कालवं कुठे आहेत ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. कालवांची धार प्लॅस्टिकच्या तळालाही सोडत नाही. शिवाय खाडीत जाळ्यांचे दोर, तुटकी जाळी, कुजलेली सुंभं, प्लॅस्टिकच्या पिशव्या. फिरता पंखा हे सगळं गोळा करतो. दोर पंख्यात गुंतला की आपलं तर नुकसानच, पण ज्याचं जाळं फाटतं त्याचा त्या दिवसाचा संसार बुडतो. म्हणून भाच्याला मी परांची घ्यायला सांगितलं आहे. त्याचबरोबर पराचा एक जादा जोड, कप्पी-तारांचे सुटे भाग आणि पाना पहिल्या दिवशीच मागवून ठेव, म्हणून सांगितलं, कारण मालवणात त्याचं दुकान नाही. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर यंत्र रोज गोड्या पाण्याने धुवायचं.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. लेखासोबतच्या फोटोतल्या तरुणाच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. रुंद कयाक सहसा उलटत नाही हे खरं, पण उलटली तर तीन फूट रुंदीची ती वस्तू पाण्यातून एकट्याने सरळ करणं आणि तिच्यावर परत चढणं फार कठीण असतं. मी दरवर्षी जुलैमध्ये, पाणी कोमट असताना, कमरेइतक्या पाण्यात मुद्दाम कयाक उलटवते आणि परत चढायचा सराव करते. पहिल्या वर्षी चौथ्या प्रयत्नात चढले होते, तेही मैत्रीण शेजारी उभी राहून सांगत होती म्हणून. एप्रिलमध्ये इथलं ऊन छान पडतं आणि पाणी मात्र बर्फासारखं असतं. अशा पाण्यात पडलेली माणसं आमच्या इस्पितळात येतात. पोहता येणारीही.

कयाकींवर पुढचा लेख छापाल तेव्हा किमतीशेजारी वजन छापा, आणि फोटो लाइफ जॅकेट घातलेल्या माणसाचाच घ्या, एवढी विनंती. भाच्याने लाइफ जॅकेट अजून विकत घेतलेलं नाही. तुमच्या पेपरात छापून आलं तर माझ्यापेक्षा लवकर ऐकेल.

आपली नियमित वाचक,
मूळ देवबाग (ता. मालवण), सध्या मेरीलँड, अमेरिका