आजीच्या आठवणी रेकॉर्ड करताना : मुक्तास पत्र

लीड्स, फाल्गुन

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायचं तू मनावर घेतलंस, हे वहिनींकडून कळलं आणि फार बरं वाटलं. आबांचा आवाज आपल्याकडे एकाही कॅसेटवर नाही. म्हणून आईचं, म्हणजे तुझ्या आजीचं, काम पुढच्या वर्षावर टाकू नका. जोतिबाची चैत्र यात्रा उरकली की पाहुण्यांची वर्दळ थांबते. तिथून मृग लागेपर्यंतचे दिवस या कामाला चांगले. पाऊस सुरू झाला की स्वयंपाकघरावरच्या पत्र्याचा आवाज तिच्या बोलण्यावर चढेल आणि तो नंतर पुरता काढून टाकता येत नाही. इथं आमच्या विभागात रोज हेच काम चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

सोप्यात बसू नका. तिथं फरशी, मोकळ्या भिंती आणि रस्त्यावरचे हॉर्न, आवाज घुमतो. मधल्या खोलीत गाद्यांची चवड, गोधड्या, कपड्यांची दांडी आहे, हे सगळं घुमणारा आवाज शोषून घेतं. पंखा बंद. फ्रिजही बंद, कारण त्याची घरघर कानाला जाणवत नाही पण माईकला जाणवते. स्कूटीची किल्ली फ्रिजवर ठेव, म्हणजे बाहेर पडताना तो परत चालू करायचं आठवेल. फोन एअरप्लेन मोडवर टाक. मध्येच कॉल आला की बऱ्याच फोनचं रेकॉर्डिंग थांबतं आणि ते लवकर लक्षातही येत नाही. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात कर. एका माईकचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण ३०० एमबी होतं, तेवढी जागा आधी मोकळी करून ठेव. कॉलर माईक हनुवटीपासून एक वीत खाली लाव, पण पदराच्या बाजूला नको; पदर घासला की खरखर येते. मंगळसूत्राचे मणीही वाजतात. माईक नसेल तर फोन हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेव. नुसत्या टेबलावर ठेवलास तर कपबशी ठेवल्याचाही दणका बसतो. एक मिनिट रेकॉर्ड कर, हेडफोन लावून ऐक, मगच पुढं जा.

वेळ सकाळी अकराच्या आसपासची, गोळ्या आणि चहा झाल्यावर. जेवणानंतर ती पेंगते. एका बैठकीला पाऊण तास पुरे, रंगात आली तरी तासाच्या वर नको. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि दोघींची नावं मोठ्यानं सांग. हे कोण ऐकणार आहे तेही सांग आणि चालेल का, हे रेकॉर्डवरच विचार. 'हे कुणाला ऐकवू नको' असं ती एखाद्या गोष्टीबद्दल म्हणाली तर तो भाग वेगळा काढायचा आणि तिचा शब्द पाळायचा. शेताच्या वाटणीचा विषय निघाला तर तोही वेगळ्या फाइलमध्ये.

आता खरं काम, म्हणजे विचारायचं कसं. एका वेळी एकच प्रश्न. दोन जोडून विचारलेस तर ती दुसऱ्याचंच उत्तर देईल. 'तुला फार त्रास झाला असेल ना?' असं विचारलंस की 'व्हय' म्हणून ती गप्प बसेल. त्याऐवजी 'त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांग' म्हण. ती बोलत असताना तोंडानं हं हं करू नकोस, मान हलव. बोलणं थांबलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस; मनात दहा आकडे मोज. महत्त्वाची गोष्ट बरेचदा त्या दहा आकड्यांनंतर येते. तिनं साल चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नकोस. एकदा दुरुस्त केलंस की ती पुढचं प्रत्येक वाक्य तुझ्या तोंडाकडे बघून बोलेल.

सालं तिला विचारूच नकोस, खुणा विचार. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. तेव्हा ती शाळेत जायला लागली होती का? कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तेव्हा ती माहेरी होती की सासरी, कडेवर कोण होतं? १९७२ च्या दुष्काळात घरात भाकरी कशाची होत होती? अशा दोन खुणांच्या मध्ये प्रसंग बसवत गेलीस की साल आपोआप जवळपास सापडतं.

आबांबद्दल बोलतं करायला जरा कसब लागेल. तिच्या पिढीतल्या बाईला 'तुमचं एकमेकांवर प्रेम होतं का' असं थेट विचारलं तर ती 'काय तरी विचारतीस बघ' म्हणून उठून जाईल. बारीकसारीक विचार. स्थळ कुणी आणलं? लग्नाआधी एकमेकांना बघितलं होतं का? उखाणा कोणता घेतला? लग्नानंतर पहिल्यांदा दोघंच बाहेर पडले ते अंबाबाईला, रंकाळ्यावर की सिनेमाला, आणि सासूबाईंना काय सांगून? भांडण झालं की आधी कोण बोलायचं? न सांगता बाजारातून ते काय आणायचे? उत्तर भाजीच्या पिशवीबद्दल किंवा गजऱ्याबद्दल येईल, पण सगळा संसार त्यातच असतो. हातात एखादी वस्तू दे: रुखवताचं तांब्याचं घंगाळ, कुंकवाचा करंडा, लग्नातला फोटो. वस्तू हातात असली की माणूस तपशिलानं बोलतं.

तिचं पहिलं बाळ गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीच त्यावर बोलत नाही. पहिल्या बैठकीत तो विषय नको; दोन-तीन बैठका होऊ देत. मग कसं गेलं हे न विचारता, कसं होतं ते विचार. नाव कुणी ठेवलं, बारसं झालं होतं का, कुणावर गेलं होतं, रडायला लागलं की कोण घ्यायचं. गेलेल्या माणसाच्या जगण्याबद्दल आधी बोलायला मिळालं तर मरणाबद्दल तीच सांगेल, आणि नाही सांगितलं तरी चालेल. ती रडली तर घाईनं फोन बंद करू नकोस आणि 'जाऊ दे, नको रडूस' असं म्हणू नकोस. तुला ऐकवत नाही असं समजून ती तुझ्यासाठी गप्प बसेल. पाण्याचा तांब्या जवळ असू दे. थोडं थांबून 'थांबूया का?' एवढंच विचार, तिनं ठरवावं. अशी बैठक तिथंच तोडायची नाही. फोन बंद केल्यावरही पंधरावीस मिनिटं तिच्यापाशी बस, उद्याची भाजी, पापडाचं पीठ, काहीही बोल. संध्याकाळी पुन्हा एकदा डोकावून ये.

खोलीत फक्त तुम्ही दोघी. दादा मध्ये 'असं नव्हतं काही' म्हणेल. त्याची आठवण वेगळी असेल तर ती वेगळ्या दिवशी, त्याच्या तोंडून घे. वहिनी समोर असल्या तर सासुरवासाबद्दल आई बोलणार नाही. वहिनींना हे माझ्या नावावर सांग.

ओव्या मात्र नक्की घे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमल्या. आई-बाप, भाऊ, सासर, मरण या ज्या गोष्टी बायका बोलून दाखवत नव्हत्या, त्या जात्यावर म्हणत होत्या. नुसतं 'ओवी म्हण' म्हटलं तर आईला आठवणार नाही. माळ्यावरचं जातं खाली घे, मूठभर जोंधळे टाक, खुंट्याला तिचा हात लाव. हात फिरायला लागला की चालही येते. त्या वेळी माईक जात्यापासून लांब, तिच्या तोंडाच्या बाजूला ठेव, नाहीतर घरघरीत शब्द बुडतील.

लिहून काढायला तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास धर. तिची बोली तशीच ठेव. 'लई', 'कवा', 'न्हाई', आणि आपल्याकडच्या बायका म्हणतात तसं 'मी आलो, मी गेलो'. यातलं काहीही पुस्तकी करू नकोस.

फाइलच्या तीन प्रती: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे माझ्याकडे. एकट्या पेन ड्राइव्हवर भिस्त ठेवू नकोस.

फोटोंचंही याच वेळी उरकून घे. मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं नावं लिही. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. लॅमिनेशन अजिबात नको. स्कॅन ६०० डीपीआयला कर. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शुक्रवार पेठेत पाणी कसं आलं ते तुम्ही पाहिलंच आहे, तेव्हा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की अल्बमची पेटी माळ्यावर गेली पाहिजे; ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. तरी फोटो भिजलेच तर एकमेकांना चिकटलेले ओढून काढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटू द्या, चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवा. दोन दिवसांत वाळवणं जमणार नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, वाळवायचं मग सवडीनं.

पहिल्या बैठकीची पहिली पाच मिनिटं मला पाठव. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फाइल आवळली जाते आणि खरा आवाज मला कळणार नाही. कुठं घरघर आहे, माईक वर घ्यायचा की खाली, ते त्याच दिवशी कळवते.

आईला माझा साष्टांग नमस्कार सांग. दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या