उंदराच्या पेटीत दुसरं दार हवं : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी शास्त्रज्ञ नाही. व्यसनावरची औषधं माणसांना देण्याआधी उंदरांवर तपासतात, तशा एका लॅबमध्ये काही वर्षं टेक्निशियन होतो. अशा संशोधनाला पैसे मंजूर करताना एक अट घाला, एवढंच मागायला लिहितोय.

हेरॉईनच्या व्यसनाला मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन अशी औषधं आहेत. कोकेन आणि मेथ (मेथाम्फेटामिन हा उत्तेजक अमली पदार्थ) यांच्या व्यसनासाठी मात्र अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्य केलेलं एकही औषध नाही, आणि उंदरांवरचे प्रयोग तर कित्येक दशकं चाललेत. मग अडतंय कुठे?

प्रयोग कसा असतो ते सांगतो. उंदराच्या मानेतल्या शिरेत बारीक नळी बसवतात आणि तिचं दुसरं टोक पाठीवर बाहेर काढतात. रोज सकाळी मी ती नळी हेपरिन घातलेल्या सलाईनने धुवायचो, नाहीतर रक्त गोठून बंद पडते, आणि तेवढ्या वेळात हातातल्या उंदराची धडधड बोटांना कळायची. मग त्याला पेटीत सोडायचं, त्याने लिव्हर, म्हणजे पेटीतला छोटा दांडा, दाबला की वर छोटा दिवा लागायचा, पंप गुरगुरायचा आणि कोकेन थेट रक्तात. पुढे एका डोससाठी दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा दाबायला लावतात आणि तो कुठे हात टेकतो ते मोजतात. नवीन औषधाने तो लवकर थांबला की सगळे खूश.

पण काही औषधांनी उंदीर कोकेनचा लिव्हर सोडायचा आणि खाणं मिळवून देणारा लिव्हरही सोडायचा, कोपऱ्यात अंग चोरून बसायचा. हे व्यसन सुटणं नव्हे, नुसती मरगळ आहे. चांगल्या लॅब हे तपासतात, मान्य आहे. तरी मूळ प्रश्न राहतोच, की ज्या पेटीत नशेशिवाय करण्यासारखं दुसरं काहीच नाही तिथे तो लिव्हर दाबणार नाही तर काय करणार?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मेथची सवय लागलेल्या उंदरांना दोन लिव्हर दिले, एकाने मेथ मिळायचं आणि दुसऱ्याने दार उघडून पलीकडचा सोबती उंदीर भेटायचा. जवळजवळ सगळ्यांनी सोबती निवडला, तेही कुठल्याही औषधाशिवाय! पण सोबती भेटायला उशीर व्हायला लागला, किंवा त्या लिव्हरबरोबर शॉक बसायला लागला, की ते पुन्हा मेथकडे वळायचे. व्यसनी माणसाचं याहून वेगळं काय असतं सांगा. औषधाची खरी परीक्षा तिथे आहे, सोबत लांब असताना आणि नशा हाताशी असताना ते उंदराला दाराकडे वळवतं का?

म्हणून अट ही, की माणसांवर चाचणीला पैसे मागणाऱ्या प्रत्येक औषधाची आधी अशी निवड असलेल्या पेटीत तपासणी झालेली असावी, नर आणि मादी दोन्हींवर, आणि रोज तासभर नाही तर सहा-सहा तास नशा मिळालेल्या उंदरांवर, कारण डोस वाढत जाणं त्यांच्यातच दिसतं.

आणि फसलेले निकालसुद्धा छापायला लावा. व्हिगाबॅट्रिन हे फिट्सवरचं औषध कोकेनसाठी उंदरांत छान चाललं, २००९ मध्ये माणसांवरच्या एका छोट्या चाचणीतही आशा दिसली, पण २०१३ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत ते डमी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. हे निदान जगाला कळलं तरी. आमच्या लॅबमधले नकारात्मक निकाल कपाटातल्या फाईलींत राहिले आणि ते उंदीर फुकट गेले, हे मला अजून खुपतं.

प्राण्यांवरचे प्रयोगच बंद करा म्हणणाऱ्यांचं दुःख मला कळतं, मी ते प्राणी हातात धरलेत. तरी बंद करा असं मी म्हणत नाही, कारण तलफेने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला देण्यासारखं आज आपल्याकडे फार थोडं आहे. पुढच्या मंजुरीच्या अर्जात फक्त एक रकाना वाढवा : उंदरापुढे दुसरा पर्याय काय ठेवला होता?

आपला,
एक माजी लॅब टेक्निशियन