विषय: हेडलाइट उघडला म्हणून वॉरंटी नाकारली, अहो पण तुमचं किट हेडलाइट उघडूनच बसवायचं आहे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी / कस्टमर केअर टीम

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल, फोटो आणि व्हिडिओ खाली जोडलेत, त्यामुळे परत "कृपया ऑर्डर डिटेल्स शेअर करा" असा रिप्लाय पाठवू नका ही पहिली विनंती.

तुमचं ते काळ्या पेंटचं आणि एलईडी पट्ट्यांचं हेडलाइट किट मी ३,४९९ रुपयांना घेतलं. आत मॅट ब्लॅक स्प्रे, छोटा प्रायमरचा कॅन, दोन एलईडी पट्ट्या, कंट्रोलरची डबी, रिमोट, काळ्या सीलंटचा एक रोल आणि माहितीपत्रक. बॉक्सवर मोठ्या अक्षरात "१ वर्ष वॉरंटी". आता पट्टी लुकलुकतेय, पेंट सुटतोय, काचेत पाणी आहे, आणि तुमचा माणूस व्हॉट्सअॅपवर लिहितो की हेडलाइट ओपन केल्यामुळे वॉरंटी व्हॉइड झाली. अहो, पेंट कशाला मारायचा होता? आतल्या क्रोमच्या बेझलला, म्हणजे दिव्याभोवतीच्या चकचकीत चौकटीला. पट्टी कुठे चिकटवायची होती? काचेच्या आत. तुमच्याच माहितीपत्रकात पहिली स्टेप "हेडलाइट उघडा" अशी आहे. म्हणजे नारळ विकायचा, खवट निघाला की म्हणायचं तुम्ही फोडलात कशाला! ही वॉरंटी नक्की कोणाला मिळते ते एकदा लेखी कळवा, कारण किट न वापरता कपाटात ठेवणारा गिऱ्हाईक सोडून मला तरी कोणी दिसत नाही.

आता मुद्द्यांवर येतो. माहितीपत्रकात हेडलाइट २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंय. हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, एक प्लॅस्टिकच, ते साधारण १४७ डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि काच चिकटवणारं रबरी बुटाइल सीलंट सैल व्हायला १०० च्या आगेमागे तापमान पुरतं. मी ते वाचूनच बाजूला ठेवलं आणि हीट गनने कडेकडेने हळूहळू गरम करत काच सोडवली (तसाही आपल्याकडच्या ओटीजीत केक मावतो, आख्खा हेडलाइट नाही). पण एखाद्या नवीन पोराने तुमचं ऐकलं असतं तर ओव्हनमधून लगदा बाहेर आला असता. शिवाय काही गाड्यांच्या हेडलाइटला बुटाइल नसतंच, कडक सीलंट असतं जे उष्णतेने सुटत नाही, ओढलं तर काचच तडकते, त्याबद्दल एक ओळ नाही. "ऑल कार्स" लिहून मोकळे झालात.

पेंटचं सांगतो. बेझलला बारीक पॉलिश पेपर मारला, पुसला, तुमचाच प्रायमर, मग पातळ कोट, प्रत्येक कोटमध्ये गॅप, सगळं वाळू दिलं, आणि उजेड पुढे फेकणाऱ्या रिफ्लेक्टरला हात लावला नाही कारण तो काळा केला की उजेडच संपला. रिफ्लेक्टरला मास्किंग करा हे तुमच्या पत्रकात लिहिलेलंच नाही हे वेगळं. कॅनवर "हीट रेझिस्टंट" आहे पण किती डिग्रीपर्यंत ते कुठेच नाही. माझ्या गाडीला साधा एच४ हॅलोजन बल्ब आहे, ६०/५५ वॅटचा, त्यातली बरीचशी वीज उष्णतेतच जाते, आणि त्या उष्णतेने तुमच्या पेंटमधून वाफ निघून काचेला आतून दुधाळ थर बसलाय. बाहेरून कितीही पुसा, जाणार कसा, तो आत आहे. पावसात ताम्हिणी घाटात धुकं असताना डिपरवर समोरचा पांढरा पट्टा दिसेना, शेवटी पुढच्या एसटीच्या मागच्या लाइटवर गाडी ठेवून खाली उतरलो. घरचे सगळे गाडीत होते. हे शोभेचं सामान आहे हे मला मान्य आहे, पण शोभेच्या सामानाने रस्ता दिसायचा बंद होऊ नये एवढी अपेक्षा चुकीची नाही ना?

पट्टीवर १२ व्होल्ट छापलंय. गाडी चालू असली की अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) १३.८ ते १४.४ व्होल्ट देतो, हे गाडीचं सामान विकणाऱ्याला मी सांगायचं का? आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने कंट्रोलरची डबी उघडली तर आत करंट सांभाळणारं सर्किटच नाही, सरळ वायर पुढे गेलेली. त्यामुळे डावी पट्टी पिवळट पडली, उजवी अजून निळसर पांढरी, आणि दोन्ही आपापल्या मर्जीने लुकलुकतात. फ्यूज दिलेला नाही, वायर डायरेक्ट इंडिकेटरला टॅप करा म्हणताय, शॉर्ट झालं असतं तर इंडिकेटरपण गेला असता. त्याने स्वतःकडचा फ्यूज टाकून दिला म्हणून वाचलो.

सीलंटचा एक रोल दोन हेडलाइटला पुरत नाही. नाहीच पुरत. मोजून बघा, एका काचेचा घेर आणि तुमचा रोल. मी दुसरा बाहेरून घेतला. आणि जी बाजू फक्त तुमच्या रोलने बंद केली तिच्यातच पाणी आलंय, बाहेरच्या सीलंटने बंद केलेली बाजू कोरडी आहे. हात तोच, पद्धत तीच. दोन्हीचे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवलेत, ते उघडून बघायची तसदी घ्या.

आता जे मला सगळ्यात जास्त खटकलं ते. जाहिरातीत "१००% आरटीओ अप्रूव्हड" लिहिलंय आणि रिमोटवर लाल-निळा "पोलीस मोड" दिलाय! समोरून लाल दिवा दाखवायला मोटार वाहन नियमांत बंदी आहे. आणि आरटीओ असे सुटे लाइट अप्रूव्ह करत बसत नाही, लाइटची टेस्टिंग एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेत एआयएस (वाहनांसाठीच्या भारतीय) स्टँडर्डप्रमाणे होते. मी कोथरूडला राहतो, एआरएआय आमच्या टेकडीवरच आहे, तुमच्याकडे तिथलं किंवा कुठलंही टेस्ट सर्टिफिकेट असेल तर कॉपी पाठवा, मी आनंदाने वाचेन. नसेल तर ती ओळ आजच काढा, कारण मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालकाला म्हणजे आम्हाला. तुम्ही पैसे घेऊन बाजूला. मी तो मोड कधी लावला नाही, रिमोटची बॅटरीच काढून ठेवलीय, पण आमच्या सोसायटीतली पोरं रिमोट मागत होती म्हणून सांगतोय.

तर मला काय पाहिजे ते स्पष्ट लिहितो म्हणजे फाटे फुटायला नकोत. किटचे पूर्ण पैसे परत, त्यातून कुरिअर वगैरे काही न कापता. दोन्ही हेडलाइट असेंब्ली नव्या घ्याव्या लागणार आहेत कारण तो दुधाळ थर घासून काढला तर काचेला ओरखडे येतात, त्याचं शोरूमचं कोटेशन जोडलंय, ती रक्कमपण द्या. आणि २०० डिग्रीवालं माहितीपत्रक मागे घ्या, आधीच्या गिऱ्हाइकांना मेसेज करून कळवा. डिस्काउंट कूपन पाठवू नका, तुमच्याकडून मला आता बल्बपण घ्यायचा नाहीये.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला पाहिजे. पोच आली नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकणार, आणि तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात चुकीच्या किंवा अपुऱ्या सूचनांसाठीसुद्धा उत्पादक जबाबदार धरला जातो. व्हॉट्सअॅपवरचा तो "वॉरंटी व्हॉइड" वाला मेसेज डिलीट केलात तरी स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे.

काढलेल्या पट्ट्या, कंट्रोलर आणि उरलेला पेंट बॉक्समध्ये भरून ठेवलाय. पिकअप लावायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर लावा, दिवसा घरी कोणी नसतं, आणि येणाऱ्या माणसाकडून सामान मिळाल्याची सही घेणार आहे.

तुमचा ग्राहक,
कोथरूड, पुणे