सूचना : रविवारी ‘क्लॉकर्स’, पूर्ण वाचून या

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, गंगापूर रोडला नेहमीच्याच जागी. अमेरिकन कादंबरीकार रिचर्ड प्राइस यांचं सगळं लेखन क्रमाने वाचायचं ठरवलं आणि १९७४ च्या ‘द वाँडरर्स’पासून निघून आपण १९९२ च्या ‘क्लॉकर्स’शी, पाचव्या कादंबरीशी पोचलो. जाडजूड आहे, तरी अर्धवट सोडू नका, कळकळीची विनंती. बाकाच्या पाठीवर बसून ड्रग्ज विकणाऱ्या आपल्या पोरांवर नजर ठेवणारा, अल्सरपायी व्हॅनिला यू-हू हे दुधासारखं बाटलीतलं पेय पिणारा नायक स्ट्राइक बघा. एवढ्याशा तपशिलातून प्राइस अख्खी वस्ती उभी करतात. मला तर हीच त्यांची सर्वांत मोठी कादंबरी वाटते.

प्राइस यांनीच लिहिलेली ‘द कलर ऑफ मनी’ या सिनेमाची पटकथा पुढच्या खेपेला.

आपली फिरती प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी कृपया आजच पुढे द्यावी, सिडकोतले दोघं थांबलेत.