बाय, कॉलममध्ये उतरू नकोस

डिचोली, मंगळवार

चि. शमास अनेक आशीर्वाद.

गणपतीवरच्या माटोळीची कवंडाळं अजून पडवीत लोळताहेत आणि तू कामावर रुजूही झालीस. काल फोनवर माझा आवाज उगाच चढला. धुरातला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, धरणारे मणी बदलायला तू स्वतः कॉलममध्ये, त्या उभ्या टाकीत, उतरणार म्हणालीस, तिथेच बिनसलं. आज तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

मण्यांचंच बोलू. किलोमागे ८८ ग्रॅम सीओटू धरणारे मणी ६० वर आले म्हणून सगळा बेड, म्हणजे कॉलममधली मण्यांची सगळी रास, फेकू नका. गॅस शिरतो तिथला, मधला आणि शेवटचा असे तीन नमुने काढून गंधक मोजा. ते तोंडाशीच सापडलं तर घात सल्फर डायऑक्साइडचा. तो अमाइनला, म्हणजे मण्यांतल्या सीओटू धरणाऱ्या रसायनाला, असा चिकटतो की सीओटू सोडवायच्या ११० अंशांच्या वाफेनंही सुटत नाही. मग तेवढाच थर बदला आणि आधी सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणारा कॉस्टिकचा स्क्रबर नीट करा, नाहीतर नवे मणीही त्याच वाटेनं जातील. गंधक नाही, पण मणी सगळीकडे पिवळे-तपकिरी पडलेत? मग वाफ बंद केल्यावर बेड ७० अंशांखाली येण्याआधीच फ्लू गॅस, म्हणजे तो धूर, सोडला जातोय. त्यातला ऑक्सिजन गरम अमाइनला खातो. कूलिंगची मिनिटं कापायची घाई तुझीच असणार!

तुमच्याकडे गॅस वरून येतो. म्हणजे खराब थर वरचाच, तो मॅनहोलमधून व्हॅक्यूमच्या नळीनं ओढता येईल. उतरायचं कारणच नाही. बघ, आलोच परत तिथे.

आलोय तर ऐक. नुसत्या ऑक्सिजन मीटरवर विसंबू नकोस. हवेत ५ टक्के सीओटू मिसळला तरी ऑक्सिजन १९.९ दाखवतो, खालची मर्यादा १९.५, म्हणजे आत उतरायच्या परमिटवर 'ठीक'. पण सीओटू ४ टक्के झाला की जिवाला धोका धरतात. कोमट मणी गॅस सोडत राहतात आणि तो तळाशी साचतो. सीओटूचा वेगळा मीटर हवा, तळापर्यंत सोडलेला, माणूस आत असेतो चालू. नायट्रोजनच्या लाइनीला ब्लाइंड, म्हणजे पाइप पुरता बंद करणारी चकती, घाला. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. बाहेर माणूस हवाच, आणि त्यानं तुझ्यामागे उडी मारायची नाही, दोरीनं ओढायचं.

झाली शिकवणी. माफ कर. आई म्हणते, 'इंजिनियर ती आहे, तुम्ही रिटायर.' खरंच आहे. तुझा तो वाफेच्या बचतीचा आलेख मी शेजारी दाखवून आलो. कोणाला काही कळलं नाही, तरी दाखवला. आजीच्या विहिरीत गाळ काढण्याआधी कंदील सोडायचे तेव्हा तू काठावर पालथी पडून 'विझला?' म्हणून विचारायचीस आणि मी तुझे दोन्ही पाय धरून ठेवायचो. ती रीत तिथे नको हं, कॉलमपाशी ज्योत न्यायची नाही.

सोलं आणि उकडे तांदूळ पाठवलेत. परमिटवर सीओटूचा रकाना नसेल तर पेनानं आखून घे. कधी उतरणार ते कळव. नसशील उतरणार तर तेही, आधी.

तुझे,
पपा